एकाला नोटीस, एकीची टोपली

पाऊस नुकताच उघडला होता. संध्याकाळचे सात वाजले असतील. स्टेशनपासून बरीच आत, आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर एक मावशी भाजी घेऊन बसतात. ताडपत्रीच्या तुकड्यावर मेथी, शेपू, अळूच्या जुड्या आणि पावसाळा लागला की शेवळं, कंटोळी. अतिक्रमणवाल्यांची गाडी वळणावर दिसली की हातगाडीवाले पोरगे गल्लीत शिरतात. मावशी साठीच्या पुढच्या. त्या गुडघ्यावर हात टेकून उठेपर्यंत गाडी समोर येऊन उभी राहिली. दोघं उतरले. एकाने टोपली उचलली, दुसऱ्याने वजनकाटा. ताडपत्री ओढली तशा अळूच्या जुड्या पाण्यात पडल्या. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

तिथून तीसेक पावलांवर एक हॉटेल आहे. इमारतीच्या मंजूर नकाशात जी जागा मोकळी सोडायची, उजेड-वाऱ्यासाठी आणि वेळ आली तर अग्निशमनाची गाडी आत फिरावी म्हणून, तिला आपल्याकडे सगळे मार्जिनल स्पेस म्हणतात. त्या मार्जिनल स्पेसवर पत्र्याची शेड, शेडखाली टेबलं, कोपऱ्यात तंदूरची भट्टी. गाडी त्या शेडसमोरून गेली, थांबली नाही.

मी गाडीतल्या माणसाला विचारलं. तो वैतागला नाही, उर्मटही बोलला नाही. म्हणाला, "काका, त्यांना नोटीस दिलीय. प्रोसिजर चालू आहे."

"आणि मावशींना दिली होती?"

"त्यांना कसली नोटीस देणार? त्यांचा पत्ता कुठाय?"

ही कुठल्या पालिकेची गाडी होती ते सांगण्यात अर्थ नाही. ठाण्यापासून पनवेलपर्यंत कुठल्याही स्टेशनावर उतरा, आठवड्याभरात हे दृश्य दिसेल. तो कर्मचारी वाईट माणूस होता असंही मला वाटत नाही. पण त्याचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. ज्याचा पत्ता आहे त्याला नोटीस, सुनावणी, मुदत, वकील, स्थगिती. ज्याचा पत्ता नाही त्याच्यावर थेट कारवाई. दोघांनी नियम मोडला असं घटकाभर धरून चालू. तरीही एकाच्या वाट्याला कायद्याची सगळी पायरी-पायरीची वाट आली आणि दुसरीच्या वाट्याला फक्त शेवटची पायरी.

कायदा सर्वांना समान हवा असं म्हटलं की आपली चर्चा लगेच समान नागरी कायद्याकडे, लग्न-वारसा-दत्तकाकडे वळते. तो वाद मोठा आहे आणि व्हायलाच हवा. पण जे कायदे आज कागदावर सगळ्यांना एकच आहेत, तेही रस्त्यावर येईपर्यंत एक राहत नाहीत, याबद्दल आपण फारसं बोलत नाही. मला त्याबद्दल बोलायचं आहे.

संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदात दोन गोष्टी आहेत. कायद्यापुढे समानता ही एक, आणि कायद्याचं समान संरक्षण ही दुसरी. पहिली आपल्याला तोंडपाठ असते. दुसरीचा अर्थ असा की कायदा जसा सगळ्यांवर चालला पाहिजे तसा तो सगळ्यांच्या बाजूने उभाही राहिला पाहिजे. मावशींच्या बाबतीत हे दुसरं कलम कुठे होतं? होतं, चांगलं तपशीलवार लिहिलेलं होतं. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. शहरातल्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही उठवायचं नाही, असं त्यात आहे. जागा बदलायची किंवा हटवायचं तर ३० दिवसांची नोटीस द्यायची. माल जप्त केला तर त्याची यादी करून सहीनिशी विक्रेत्याच्या हातात द्यायची. नाशवंत माल मागितला त्याच दिवशी परत करायचा, बाकीचा कामाच्या दोन दिवसांत. मेथी आणि अळू नाशवंत आहेत हे सांगायला कायदेपंडित लागत नाही. मावशींना यादी मिळाली नाही. वजनकाटा सोडवायला त्या दोनदा जाऊन आल्या, दोन दिवसांचा धंदा बुडाला.

इथे कोणी म्हणेल, फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे. खरंच आहे. मीही चालतो आणि गुडघ्याच्या उंचीचे फुटपाथ चढून-उतरून दमतो. रेल्वे स्टेशनापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसू देऊ नये असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे, तो पाळला जावा असंच माझं मत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली, तेव्हा रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग अशा सार्वजनिक जागांवरची बांधकामं त्यातून वगळली, हेही मला माहीत आहे. म्हणजे शेडला एक नियम आणि फुटपाथला दुसरा, हा फरक कायद्यातच आहे, आणि तो कारण देऊन केलेला आहे. माझी तक्रार त्या फरकाबद्दल नाही. फुटपाथवरच्या बाईसाठी संसदेने जो वेगळा कायदा केला, तो कोणी उघडूनच पाहत नाही, आणि हॉटेलवाल्याची 'प्रोसिजर' मात्र वर्षानुवर्षं चालूच राहते, ही माझी तक्रार आहे.

मला सारखं महाड आठवतं. चवदार तळ्याचा सत्याग्रह म्हटलं की २० मार्च १९२७ हा दिवस आपण सांगतो. त्याच्या आधीचं मात्र सांगत नाही. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ लाच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळं सर्वांना खुलं असल्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे कागदावर हक्क मिळून तीन वर्षं झाली होती. पण त्या तीन वर्षांत अस्पृश्यांना तो हक्क प्रत्यक्षात वापरता आला नव्हता. बाबासाहेब आणि हजारो माणसं चालत गेली, ओंजळीने पाणी प्यायली, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले आणि तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं. पुढे विरोधकांनी कोर्टात दावा लावला की हे तळं सार्वजनिक नाहीच, ते आमच्या खासगी मालकीचं आहे. उच्च न्यायालयाने तो दावा शेवटचा फेटाळला १७ मार्च १९३७ ला. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षं. कायदा बरोबर होता, अडवणारा माणूस काठावर उभा होता, आणि त्याला कोणी हटकत नव्हतं.

आजच्या काठावर कोण उभं असतं? बहुतेक वेळा कोणी दिसतच नाही. एक फोन असतो. "वरून फोन आला" हे वाक्य आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे. कोणाचा फोन, कोणत्या नंबरवरून, काय सांगितलं, याची कुठेही नोंद नसते.

मी हे दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. चारेक वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला एका नाक्यावर ट्रॅफिकवाल्यांनी धरलं. लायसन्स नव्हतं, हेल्मेट नव्हतं, मागे दोघं बसलेले. त्याने मला फोन केला, मी एका ओळखीच्या माणसाला केला, त्याने पुढे केला. दहा मिनिटांत गाडी सुटली. मी तिथे पोचलो तेव्हा भाच्याच्या शेजारी डिलिव्हरीची पेटी पाठीला लावलेला एक मुलगा उभा होता. त्याच्याकडे लायसन्स होतं, फक्त हेल्मेटचा पट्टा लावलेला नव्हता असं तो सांगत होता. त्याची पावती फाटली. त्याने आमच्याकडे पाहिलं. रागाने नाही, हे असंच असतं हे ठाऊक असल्यासारखं. त्या पाहण्याने मला आजही शरमल्यासारखं होतं. भाच्याचा दंड वाचवताना मी त्या मुलाला शिकवलं की दंड चुकीसाठी नसतो, ओळख नसण्यासाठी असतो. पुढच्या वेळी तो लायसन्स जवळ ठेवण्यापेक्षा ओळख शोधेल, आणि त्याला मी काय तोंडाने नावं ठेवणार?

याच बाबतीत कायदा किती पुढे गेलेला आहे ते पाहा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात २१०-ब हे कलम आलं. ज्यांनी हा कायदा राबवायचा त्यांनीच तो मोडला तर त्यांना दुप्पट दंड. मला हे कलम फार आवडतं. अधिकार जास्त तर जबाबदारी जास्त, हे त्यात सरळ आकड्यात मांडलं आहे. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, त्याचीही बातमी केवढी झाली होती. दिवा गेला हे चांगलंच झालं. पण सिग्नल तोडून उलट्या बाजूने येणारी काळ्या काचांची मोटार अडवायला दिवा जाणं पुरेसं नसतं, अडवणाऱ्या हवालदाराला आपली बदली होणार नाही याची खात्री लागते.

आता एक आक्षेप, जो मला स्वतःलाही बराच काळ छळत होता. कायदा सगळ्यांना सारखा हवा म्हणता, मग आरक्षण कशाला? अत्याचारविरोधी कायदा वेगळा कशाला? सरकारी प्रकल्पात जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के भूखंड कशाला? हे विचारणारे सगळेच वाईट हेतूने विचारत नाहीत. आणि या प्रश्नाचं उत्तर मला त्या भाजीवाल्या मावशींकडूनच मिळालं.

मावशी पनवेलकडच्या एका गावच्या. १७ मार्च १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झालं आणि ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं, त्यात त्यांच्या सासऱ्यांची भातशेती गेली. नोटिशीचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "जमीन गेली तवा आलता ना कागद. घरपोच आलता." जमीन घ्यायची होती तेव्हा त्यांचा पत्ता सरकारला बरोबर सापडला होता.

त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी इथल्या माणसांनी काय किंमत मोजली हे नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांना बहुधा माहीत नसतं. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. ती सवलत आहे का? माझ्या मते नाही. शेजारच्या तालुक्यातल्या ज्या शेतकऱ्याची जमीन गेली नाही त्याला साडेबारा टक्के मिळत नाहीत, आणि त्यात त्याच्यावर अन्याय होत नाही. ज्यांच्यावर वेगळा भार टाकला त्यांच्यासाठी वेगळा नियम केला, तो लिहिला, जाहीर केला, आणि त्या परिस्थितीतल्या प्रत्येकाला तो लागू आहे. चुकीचा वाटला तर त्याच्याविरुद्ध कोर्टात जाता येतं, सभेत बोलता येतं, मतदान करता येतं. आरक्षणाचंही तसंच. ते संविधानात लिहिलेलं आहे, त्याच्या मर्यादांवर न्यायालयांत दशकानुदशकं उघड वाद झालेले आहेत. लेखी भेदाला कारण द्यावं लागतं. फोनवरच्या सवलतीला कोणी कारण विचारत नाही, कारण ती दिली गेली हेच कोणी कबूल करत नाही. समानतेची खरी शत्रू ती तोंडी सवलत आहे.

गावठाणातल्या घरांचा प्रश्नही याच नजरेने पाहायला हवा. जमीन गेली, कुटुंबं वाढली, गावठाणांचा विस्तार वेळेवर झाला नाही. मग लोकांनी गरजेपोटी घरं बांधली. 'गरजेपोटी बांधलेली घरं' हा शब्द आता सरकारी कागदावरही रुळला आहे आणि ती घरं नियमित करण्याचे निर्णय शासनाने वेळोवेळी काढले आहेत. मावशींच्या दोन मुलांनी जुन्या घरावर चढवलेला एक मजला मला त्या शब्दात बसताना दिसतो. पण त्याच शब्दाच्या आडोशाने कोणी पाच-सहा मजली इमारत उठवतो, खोल्या विकतो आणि निघून जातो, तेव्हा ती गरज कोणाची? मावशींचा मजला आणि ही इमारत यांत फरक न करणं हा मावशींवरही अन्याय आहे, कारण उद्या कोर्टाचा बडगा आला की त्यात दोन्ही सापडतात.

आणि बडगा येतो तेव्हा तो कोणावर पडतो? नवी मुंबईतल्या दिघ्यात २०१५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशांनी ९० हून अधिक बेकायदा इमारतींवर कारवाईची टांगती तलवार आली, तेव्हा रस्त्यावर आली ती आयुष्याची पुंजी घालून घरं घेतलेली कुटुंबं. इमारत एका रात्रीत उभी राहत नाही. पायासाठी खड्डा खणला जातो, ट्रक येतात, स्लॅब पडतात, विजेचं मीटर बसतं. यातल्या प्रत्येक टप्प्यावर ज्याने डोळेझाक केली त्याच्यावर काही आलं तर ते शेवटी, तेही क्वचित. ठाण्यातल्या शिळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली इमारत ४ एप्रिल २०१३ ला कोसळली आणि ७४ माणसं गेली. वर मजले चढत होते आणि खाली कुटुंबं राहत होती. नंतर बिल्डर, पालिकेतली माणसं, पोलीस यांना अटका झाल्या. त्या बांधकामाला पहिल्या स्लॅबच्या आधी एक साधी नोटीस लागली असती आणि ती अमलात आली असती, तर ती ७४ माणसं त्या संध्याकाळी तिथे नसती. कायदा शिथिल ठेवणं म्हणजे गरिबाला सांभाळून घेणं, असं मानणाऱ्यांनी शिळफाटा आठवावा. शिथिलतेचा फायदा विकणाऱ्याने घेतला, ढिगाऱ्याखाली राहणारे गेले.

जामिनाचं थोडक्यात सांगतो, कारण तो विषय वेगळ्या लेखाचा आहे. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला जामीन मंजूर झाला, पण १०,००० रुपयांच्या हमीची अट घातली गेली आणि त्याच्या भावाची हमी नाकारली गेली, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ती अट मोडून काढली. त्याला आता जवळजवळ पन्नास वर्षं होतील. तरी ठाण्याच्या कोर्टाच्या आवारात उभं राहा, बीड-जालन्याहून किंवा बिहारहून आलेल्या बिगाऱ्याचे नातेवाईक स्थानिक जामीनदार शोधत फिरताना दिसतील. देशभरातल्या तुरुंगांत २०२२ अखेर ७५ टक्क्यांहून अधिक कैदी कच्चे होते, म्हणजे त्यांचा गुन्हा शाबित झालेला नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत आधी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल तर त्याला सोडण्याची तरतूद आहे, जन्मठेप-फाशीचे गुन्हे वगळून. चांगली तरतूद आहे. ती त्या बिगाऱ्यापर्यंत कोणी पोचवायची, हा पुन्हा पत्त्याचाच प्रश्न.

मग करायचं काय? माणसं प्रामाणिक झाली पाहिजेत असं म्हणून मी सुटणार नाही, कारण मी स्वतः फोन केलेला आहे. अडचण आली की माणूस ओळख शोधतोच. ती ओळख वापरणं अवघड जाईल अशी व्यवस्था लागते.

एक आधार आपल्याकडे आहे. निवृत्त सनदी अधिकारी टी. एस. आर. सुब्रमण्यन आणि इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ ला सांगितलं की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, आदेश तोंडी आला तर तो लेखी नोंदवावा. हा निकाल मोठ्या सनदी अधिकाऱ्यांच्या संदर्भातला असला तरी त्याची गरज सगळ्यात जास्त विभाग कार्यालयात आहे, जिथे एक कनिष्ठ अभियंता आणि एक अतिक्रमण निरीक्षक मिळून कोणाचं शेड राहणार आणि कोणाची टोपली जाणार हे ठरवतात. त्या कनिष्ठ माणसाला 'साहेब, लेखी द्या' म्हणायची ताकद आपण नागरिकांनीच दिली पाहिजे, आणि त्यासाठी नोंदी बाहेर याव्या लागतील. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे कोणी अर्ज करायची वाट न पाहता कार्यालयांनी आपणहून माहिती प्रसिद्ध करायची असते.

म्हणून आमच्या सोसायटीतल्या काही जणांनी मिळून विभाग कार्यालयाला एक निवेदन दिलं आहे. मागणी एवढीच, की कार्यालयाच्या दारात एक फलक लावावा. मार्जिनल स्पेसची कोणाला कोणत्या तारखेला नोटीस दिली, सुनावणी कधी झाली, कारवाई झाली की थांबली, आणि थांबली असेल तर कोणाच्या सहीने. त्याच फलकावर खाली, कोणत्या विक्रेत्याचा कोणता माल उचलला आणि तो कधी परत केला. निवेदनावर सह्या गोळा करताना मी मावशींकडेही गेलो. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला, वाचून दाखवायला सांगितला, आणि सहीच्या जागी विचारलं, "इथं पत्ता पन लिवायचा ना भाऊ?" मी हो म्हटलं. त्यांनी गावाचं नाव, घर नंबर सगळं सांगितलं, मी लिहून घेतलं. अजून उत्तर आलेलं नाही. दर सोमवारी आमच्यातला एक जण जाऊन विचारून येतो.